टबाचं पाणी गढूळ का होत होतं

आईच्या गुडघ्यांसाठी इंदूरच्या घरी, सुदामानगरात, गच्चीवर हॉट टब, म्हणजे बुडबुडे सोडणारा गरम पाण्याचा टब, बसवला. आठवड्यातच पाणी ताकासारखं झालं. मी क्लोरीन वाढवत गेलो. फरक काहीच नाही, उलट आईचे डोळे चुरचुरायला लागले. त्याचं फार वाईट वाटलं.

शेवटी चाचणीच्या पट्ट्या आणल्या. पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी याचं माप, ८ च्या वर! गोम तिथेच होती. पीएच ७.५ असताना क्लोरीनचा साधारण निम्मा भाग जंतू मारायच्या कामाचा असतो, ८ च्या पुढे जेमतेम पाव. त्यात बुडबुड्यांमुळे पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच आपोआप चढतो. टब बोरिंगच्या जड पाण्याने भरला होता, त्याची भर वेगळीच.

सगळं पाणी काढलं, नर्मदेचं नळाचं भरलं. आता पीएच ७.२ ते ७.८, क्लोरीन किमान ३ पीपीएम, म्हणजे दहा लाख भाग पाण्यात ३ भाग. उतरण्याआधी दर वेळी पट्टी बुडवून बघतो. फिल्टर दर आठवड्याला पाइपाने धुतो. आणि गुडघ्यांना तेल चोळून टबात उतरायचं नाही, आधी साबणाने आंघोळ, हे आईलाही पटलं. तेल आता टबातून बाहेर आल्यावर, मी स्वतः लावून देतो.