रोल केजसाठी बेंडर: आधी ट्यूब, मग डाय, मग मशीन

वर्कशॉपात आधी येतो तो जॅकवाला हायड्रॉलिक पाइप बेंडर, कारण तो स्वस्त आणि कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. पाण्याच्या लाइनीसाठी तो ठीक आहे, रोल केजसाठी, म्हणजे गाडी उलटली तरी आतल्यांना वाचवणाऱ्या नळ्यांच्या सांगाड्यासाठी, नाही. त्यात पाइप दोन टेकूंवर असतो आणि जॅक मध्यभागी डाय, म्हणजे खाच असलेला साचा, रेटतो. बाकाच्या बाहेरच्या अंगाला कसलाच आधार नसतो. जाड पाइप हे सोसतो, पण २.५ मि.मी. भिंतीची ट्यूब तिथे चपटी होते, आणि गाडी उलटली की केज नेमका त्याच जागी दुमडतो. वाळू भरून, गॅसने तापवून वाकवण्याची पद्धत ग्रिल-गेटापुरती ठेवा. एफआयए या मोटर स्पर्धांच्या जागतिक संघटनेचा नियमच थंड अवस्थेत वाकवण्याचा आहे.

दुसरी गफलत मापाची. पाइप ‘एनबी’वर (नॉमिनल बोअर, आतल्या व्यासाचं ठोकळ माप) विकला जातो, ट्यूब बाहेरच्या व्यासावर. सव्वा इंची पाइप बाहेरून ४२.४ मि.मी. भरतो, दीड इंची ४८.३, दीड इंची ट्यूब मात्र ३८.१. त्यामुळे फोनवर ‘दीड इंची डाय आहे का’ असं विचारून उपयोग नाही. बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगा आणि माल हातात आला की व्हर्नियर लावा. सैल खाचेत ट्यूब पसरते आणि अंडाकृती होते.

म्हणून सुरुवात नियमपुस्तकापासून. एफआयएच्या परिशिष्ट ‘जे’च्या कलम २५३ नुसार मुख्य रोलबारला किमान ४५ × २.५ किंवा ५० × २ मि.मी. (बाहेरचा व्यास × भिंतीची जाडी), बाकीच्या बहुतेक नळ्यांना ३८ × २.५ किंवा ४० × २ मि.मी. ट्यूब लागते, तीही कोल्ड ड्रॉन सीमलेस (सीडीएस), म्हणजे थंड ओढलेली, बिनशिवणीची. म्हणजे डाय किमान दोन लागणार, हे बजेटमध्ये आधीच धरा. बाहा या विद्यार्थ्यांनी बनवलेल्या ऑफ-रोड गाड्यांच्या स्पर्धेतल्या कॉलेज टीमची मापं वेगळी, १ ते सव्वा इंचाच्या आसपासची. त्यांनी त्या वर्षीचं नियमपुस्तक उघडूनच डाय मागवावी. जालन्यात लोखंडाला तोटा नाही, पण तिथला मुख्य माल सळई. सीडीएस ट्यूब टेस्ट सर्टिफिकेटसह ट्यूबच्या व्यापाऱ्याकडूनच घ्या.

या कामाला योग्य मशीन म्हणजे रोटरी ड्रॉ बेंडर. यात क्लॅम्प ट्यूबला गोल डायशी घट्ट पकडतो, डाय फिरते आणि ट्यूब तिच्याभोवती ओढली जाते. बाहेरून फॉलो ब्लॉक तिला दाबून धरतो. ट्यूब सगळीकडून खाचेत बसल्याने आकार टिकतो. या मापांना आणि ३डी (व्यासाच्या तिप्पट) त्रिज्येला मँड्रेल, म्हणजे ट्यूब चपटी होऊ नये म्हणून आत घालायचा दांडा, सहसा लागत नाही, त्यावर पैसे घालू नका.

डाय घेताना मध्यरेषेची त्रिज्या विचारा. एफआयएला ती व्यासाच्या किमान तिप्पट लागते: ३८ ला ११४ मि.मी., ४५ ला १३५. एवढ्या बाकातही बाहेरची बाजू साधारण सहाव्या हिश्शाने ताणली जाते, २.५ ची भिंत तिथे २.१ च्या आसपास उरते. त्रिज्या फार मोठी घेतली, तर मुख्य हूप (मुख्य रोलबार) छताच्या कोपऱ्याला चिकटून बसत नाही आणि डोक्याजवळची जागा खातो.

हाताच्या रॅचेट बेंडरवर २५-३२ मि.मी. निघतं. ४५ ला हायड्रॉलिकच घ्या. हँडपंप असलेला सिलिंडर बरा, लाइट गेली तरी बाक अर्धवट राहत नाही. पारा चाळिशीपार जातो तेव्हा पातळ तेल सीलमधून झिरपायला लागतं. निर्मात्याची हरकत नसेल तर उन्हाळ्यात ६८ ग्रेड भरा. स्टँड पक्क्या काँक्रीटमध्ये अँकर करा, नुसत्या कोब्यातून बोल्ट उखडतात. हूपचा लांब पाय फिरायला मोकळी जागाही मोजून ठेवा.

छत्रपती संभाजीनगरकडच्या वाळूज किंवा चिकलठाण्याच्या टर्निंगवाल्यांकडून डाय करून घेता येते. ड्रॉइंगमध्ये खाचेची खोली आणि त्रिज्या स्पष्ट लिहा: ट्यूबचा निम्मा व्यास, त्यावर ०.१ मि.मी.च्या आसपास सूट. जास्त सूट दिली, तर अख्खं मशीन वाया.

पैसे देण्याआधी स्वतःची ट्यूब नेऊन ९० अंशांचा बाक काढून घ्या. बाकाच्या मध्यावर व्हर्नियर लावा: लहान व्यास भागिले मोठा व्यास ०.९ पेक्षा कमी नको. ३६ आणि ३९.२ आले तर ०.९२, चालेल; ३५ आणि ३९.५ आले तर ०.८९, मशीन परत. आतल्या बाजूला सुरकुत्या पडल्या, तर बहुधा क्लॅम्प सरकतोय किंवा फॉलो ब्लॉक सैल आहे. ग्रीस फक्त फॉलो ब्लॉकला. क्लॅम्पमध्ये तेलाचा थेंबही नको. शिवणीची ट्यूब वापरायला तुमच्या नियमांत मुभा असेल, तर शिवण बाकाच्या आत किंवा बाहेर न ठेवता बाजूला ठेवा, तिथे ताण सर्वांत कमी.

सोडल्यावर ट्यूब काही अंश मागे येते. क्रोमोलीत (क्रोमियम-मॉलिब्डेनमच्या पोलादात) हे जास्त. प्रत्येक नव्या लॉटचा एक तुकडा वाकवून किती मागे आली ते मशीनवरच मार्करने लिहा. ३८ च्या ९० अंशांच्या बाकात मध्यरेषेवर १७९ मि.मी. लांबी जाते, कटिंग त्यावर काढा. हूपचा दुसरा बाक सुरू करण्यापूर्वी पहिल्या पायावर डिजिटल अँगल गेज ठेवून तो त्याच प्रतलात असल्याची खात्री करा. तिथे दोन अंश चुकले, तर मीटरभराच्या पायाच्या टोकाला साडेतीन सेंटीमीटरचा फरक पडतो, आणि तो वेल्डिंगच्या वेळी ओढून बसवता येत नाही.