पत्र्याची शेड उन्हाळ्यात कामाजोगी करायची तर: होळीपासूनची तयारी

यादीच्या शेंड्यावर कूलर लिहिला असेल तर तो खोडून तळाशी न्या. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात घरामागे बारा बाय दहा फुटांची पत्र्याची शेड असते, त्यात सुतारकामाचं टेबल, ग्राइंडर, एखादं वेल्डिंग मशीन. पागोळ्यांसकट तिचं छप्पर भरतं साधारण १६८ चौरस फूट, म्हणजे पंधरा-सोळा चौरस मीटर. एप्रिल-मेच्या ऐन दुपारी आडव्या पृष्ठभागावर चौरस मीटरला हजार वॉटच्या आसपास ऊन पडतं. म्हणजे नुसत्या छपरावर पंधरा किलोवॉट. दीड टनाचा एसी जेमतेम सव्वापाच किलोवॉट उष्णता बाहेर टाकतो. सगळंच ऊन आत उतरत नाही हे खरं, पण उघड्या पत्र्याखाली कोणतंही यंत्र का हरतं ते या हिशोबात दिसतं. म्हणून कामाचा क्रम असा: आधी छप्पर, मग हवेची वाट, मग वीज, आणि सगळ्यात शेवटी कूलर.

पैसे कुठे घालायचे हे सूर्य ठरवतो. मे महिन्यात तो आपल्या डोक्यावर असतो. शून्य सावलीचा दिवस पुण्यात मेच्या मध्यावर येतो, नागपुरात २६ मेच्या सुमारास. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळपास नसतंच, त्यामुळे तिच्यावर खर्च करू नका. छप्पर पहिलं, पश्चिमेची भिंत दुसरी, पूर्वेची तिसरी.

खर्चाआधी मोजमाप. इन्फ्रारेड थर्मामीटर उसना मिळाला तरी चालेल, पण चकचकीत जस्ताच्या पत्र्यावर तो खोटं सांगतो, कारण अशा पृष्ठभागातून उत्सर्जन कमी असतं आणि आकडा खऱ्याहून बराच खाली दिसतो. पत्र्याच्या आतल्या बाजूला काळ्या इलेक्ट्रिकल टेपच्या तीन-चार पट्ट्या शेजारी-शेजारी चिकटवा, दुपारी दोनला जवळून त्यांच्यावर नेम धरा, आकडा भिंतीवर लिहून ठेवा. साठ-पासष्ट अंश आले तर नवल नाही. पुढची प्रत्येक पायरी झाली की त्याच वेळी, त्याच टेपवर पुन्हा मोजा.

छपराची सुरुवात स्क्रूंपासून. रबराचे वॉशर उन्हाने तडकलेले असतात. रंगाआधी ते बदलले नाहीत तर पावसाळ्यात गळती शोधताना नवा रंग खरवडावा लागतो. रंग पांढरा हवा, आणि तो पत्र्यासाठी बनलेला अ‍ॅक्रिलिक कूल रूफ रंग हवा. गच्चीच्या स्लॅबला चुना उत्तम चालतो, पण जस्ताच्या पत्र्याला नको. ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असल्याने जस्त खातो आणि गुळगुळीत पत्र्यावर धरतही नाही. तेलरंग थेट जस्तावर लावणं हीसुद्धा नेहमीची चूक. जस्ताशी त्यातल्या तेलाची प्रक्रिया होऊन खाली साबणासारखा थर बनतो आणि वर्ष-दोन वर्षांत रंगाचे पापुद्रे निघतात. गंज तारेच्या ब्रशने काढून पत्रा साबणाच्या पाण्याने धुवा, वाळू द्या, जस्तासाठीचा प्रायमर मारा आणि मग रंगाचे दोन हात. डब्यावर लिहिलेला पसारा सपाट पृष्ठभागाचा असतो, नागमोडी पत्र्याला दहा-पंधरा टक्के जास्त धरा. काम सकाळी आठच्या आत उरका. तापलेल्या पत्र्यावर रंग ब्रशखालीच सुकतो आणि दोन हातांचा सांधा दिसत राहतो. दरवर्षी होळीनंतर छप्पर धुणंही यादीत ठेवा, कारण धूळ बसलेला पांढरा रंग अर्धा पांढरा राहतो.

रंगानंतर खालचं अस्तर. पत्रा आणि फॉल्स सीलिंग यांच्यात चार ते सहा इंच मोकळी जागा सोडा, आणि ही जागा दोन्ही टोकांना जाळी लावून उघडी ठेवा. ती बंद केली तर तापलेली हवा तिथेच अडकते आणि संध्याकाळभर खाली उष्णता सोडत राहते. साहित्यात थर्माकोल नकोच. स्वस्त आहे, उष्णताही अडवतो, पण ग्राइंडरची ठिणगी लागली की जळत ठिबकतो. बबलवाली फॉइलसुद्धा आतून प्लॅस्टिकच. ठिणगीचं काम होणार असेल तर आठ मिलिमीटरचा सिमेंट बोर्ड आणि त्यावर पन्नास मिलिमीटरची रॉकवूल (दगडी तंतूंची गादी), हा जोड महाग पण निर्धोक. सुतारकामापुरती शेड असेल तर फॉइल चालेल, मात्र तिची चकचकीत बाजू खाली आणि समोर निदान एक इंच हवा हवी. पत्रा आणि प्लायमध्ये दाबून बसवलेली फॉइल काहीच करत नाही. तिचं सगळं काम किरणांनी येणारी उष्णता अडवण्याचं आहे, आणि किरणांना हवेची फट लागते. चकचकीत बाजू वर ठेवली तर वर्षभरात धूळ बसते आणि फायदा जातो. तुराट्या, पऱ्हाट्या छपरावर पसरायची रीत खेड्यात आहे. थंडावा खरंच येतो, पण वेल्डिंगच्या शेडवर ते सरपण रचून ठेवणं झालं.

अस्तराला पैसे नसतील तर शेडनेट घ्या. ७५ टक्क्यांची, यूव्ही प्रक्रिया केलेली. ती पत्र्यावर अंथरायची नाही. एक-दीड फूट उंच जीआय पाइपाची चौकट करून तिच्यावर ताणायची आणि पश्चिमेला दोन-तीन फूट जास्त सोडायची, म्हणजे चारनंतरचं तिरपं ऊन भिंतीवर येत नाही. पत्र्याला चिकटलेली नेट स्वतः तापून उष्णता त्यालाच देते, वर असली तर मधून वारा वाहतो. कडा दुमडून दर दोन फुटांवर आयलेट मारा आणि दोरी सुटणाऱ्या गाठीने बांधा. वळवाच्या वादळात घट्ट बांधलेली नेट चौकटीसह उडते आणि जाताना पत्राही उचकटते.

आता हवा. गरम हवा वर जाते, म्हणून तिला वरून बाहेर पडायला आणि खालून ताजी यायला जागा द्यायची. पूर्व किंवा उत्तरेच्या भिंतीत जमिनीपासून फूटभर उंचीवर दोन-तीन चौरस फुटांची झडप, आणि समोरच्या भिंतीत छपराखाली तेवढीच. दोन्हींना बारा मिलिमीटरची वेल्डेड जाळी. उन्हाळ्यात ओलाव्याच्या शोधात साप आणि विंचू येतात, खालची झडप जाळीशिवाय उघडी ठेवायची नाही. डासांची जाळी लावायची असेल तर भोक दुप्पट करा, कारण ती जवळपास निम्मी हवा अडवते. टर्बो व्हेंटिलेटर वाऱ्याच्या दिवशी छान फिरतो आणि उन्हाच्या तडाख्यात, वारा पडला की, नेमका थांबतो. त्याच पैशांत बारा इंची एग्झॉस्ट फॅन बरा.

छताच्या पंख्यावर फार भिस्त नको. हवा चाळीस अंशांच्या वर गेली की पंखा गरम हवाच अंगावर मारतो. जागतिक आरोग्य संघटनेचाही सल्ला पंखा चाळीसच्या खालीच वापरण्याचा आहे.

विजेचं काम कूलर येण्याआधी पूर्ण झालेलं हवं. शेड घरापासून पन्नास फुटांवर असेल तर चार चौरस मिलिमीटरची तांब्याची थ्री-कोर केबल ओढा. बारीक वायरीत विजेचा दाब (व्होल्टेज) घटतो, आणि उन्हाळ्यात तो आधीच कमी असतो. मग मोटार जास्त करंट खाते, तापते आणि जळते. छपराला टेकून वायर नेऊ नका, भिंतीवरून पाइपातून न्या. एमसीबीची (जास्त करंट गेला की आपोआप पडणाऱ्या स्विचची) पेटी पश्चिमेच्या भिंतीवर असेल तर हलवा. घरगुती एमसीबी तीस अंशांना जोखलेले असतात. पेटी पन्नासला गेली की सोळा अँपिअरचा एमसीबी चौदाच्या आसपासच पडू लागतो, मग लोक वैतागून वीसचा किंवा पंचवीसचा लावतात आणि वायर जाळतात. एक्स्टेन्शन बोर्डाची वायर गुंडाळलेली ठेवून ग्राइंडर चालवू नका, वेटोळ्याच्या आत ती वितळते. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) लावल्याशिवाय शेडमध्ये कूलर आणू नका. पत्र्याची बॉडी, आत पाणी, बाहेर ओली जमीन आणि घामेजला हात, या जोडीने दर उन्हाळ्यात विदर्भात माणसं जातात. कूलरला तीन पिनांचाच प्लग हवा, अर्थिंग बॉडीपर्यंत पोचलंय हे मीटरने तपासून घ्या आणि पाणी भरताना प्लग काढा. बटण बंद करणं पुरेसं नाही.

मग कूलर. शेडचं घनफळ काढा: बारा गुणिले दहा गुणिले नऊ, म्हणजे १०८० घनफूट. त्याला दोनने भागलं तर मिनिटाला ५४० घनफूट हवा पुरते, पण ते पक्क्या घराच्या खोलीचं गणित. पत्र्याखाली हजार धरा, घन मीटरात तासाला सतराशे. कूलर भिंतीबाहेर, सावलीत, बाहेरची कोरडी हवा ओढेल असा बसवा. आत ठेवून दार लावलं तर तासाभरात हवा दमट होते आणि मग तो नुसता भिजवतो. समोरच्या बाजूने हवा बाहेर जायला मिनिटाला दर हजार घनफूट हवेमागे निदान दोन चौरस फूट उघडं हवं. वरची झडप इथे उपयोगी पडते, छपराखालची गरम हवा तिथूनच ढकलली जाते. बाहेर ४३ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना नीट भिजलेल्या ताट्यांमधून हवा अठ्ठावीसच्या आसपास येते. ताट्या अर्धवट कोरड्या असतील तर पस्तीसची येते आणि दोष मोटारीला मिळतो.

म्हणून ताट्यांकडे बघा. वूडवूलच्या (लाकडाच्या बारीक कात्रणाच्या) ताट्या दर वर्षी बदलायच्या. वाळ्याच्या ताट्यांना सुगंध असतो, पण हवेची वाट त्या लवकर अडवतात. हनीकोंबचे पॅड दोन-तीन वर्षं टिकतात, बोअरचं जड पाणी असेल तर कमी. वरच्या पन्हळीची भोकं तारेने साफ करा, कोरडा पट्टा पडतो तो तिथल्याच क्षारांमुळे. हजार घनफुटांचा कूलर अशा हवेत तासाला दहा-बारा लिटर पाणी उडवतो. पन्नास लिटरचा टब दुपार काढत नाही, तेव्हा फ्लोट वॉल्व्ह लावा. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, त्यामुळे दर दोन-तीन दिवसांनी टब रिकामा करून ते पाणी झाडांना न देता सोडून द्या. आठवड्यातून एकदा टब घासून पूर्ण वाळवायचा. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत.

कूलरची ओल हत्यारांना बाधते. लेथचा बेड, रंध्याचं पातं, ड्रिलचे बिट रोज संध्याकाळी मशीन ऑइलच्या फडक्याने पुसा. सागाचे पट्टे कूलरच्या झोतात रचू नका, एका बाजूने फुगून वाकतात. पॉलिशच्या दिवशी कूलर बंद, नाहीतर लाखेच्या पॉलिशवर आणि एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरवर पांढरट छटा चढते. सीओटू वेल्डिंगच्या जागीही झोत नको, वायूचं आवरण उडून जातं आणि सांध्यात बुडबुडे राहतात.

कोकणात आणि गोव्यात कूलर आणि ताट्यांच्या परिच्छेदांवर काट मारा. हवेत आधीच साठ-सत्तर टक्के ओल असते, तिथे कूलर घाम आणखी अडवतो. कौलं, उंच छप्पर, आरपार वारा आणि पंखा एवढंच तिथे चालतं. गंजाची काळजी मात्र बारमाही.

सामानाची फेरतपासणी एका दुपारची. थिनर, कॉन्टॅक्ट अ‍ॅडेसिव्ह आणि स्प्रेचे डबे शेडमधून काढून सावलीत, हवेशीर जागी न्या. स्प्रेच्या डब्यावर पन्नास अंशांची मर्यादा लिहिलेली असते आणि बंद शेड ती सहज गाठते. लिथियमच्या बॅटऱ्या घरात ठेवा आणि घरातच चार्ज करा. इपॉक्सी कमी कालवा, दर दहा अंशांमागे तिचा हाताळणीचा वेळ साधारण निम्मा होतो. पांढऱ्या गोंदावर साय लवकर धरते, लांब सांध्याला दोघं लागतील. अळशीच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकणं सगळ्यात वाईट. तेल हवेशी संयोग पावताना तापतं आणि बोळा आपोआप पेटतो. फडकी उघडी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. वाळूची बादली आणि एबीसी प्रकारचं अग्निशामक दाराजवळ, बाहेर पडायच्या वाटेवर.

माणसाची तयारी शेडइतकीच. काम सकाळी सहा ते दहा, नाहीतर पाचनंतर. दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, तहान लागायची वाट न पाहता. मधूनमधून ताक किंवा मीठ घातलेलं पन्हं. कपडे सुती आणि पूर्ण बाह्यांचे, पण बाह्या मनगटाशी बंद. डोक्याला बांधलेल्या दुपट्ट्याचं टोक लोंबू देऊ नका, ड्रिल आणि लेथ त्यालाच पकडतात. वेल्डिंगचे हातमोजे घामाने ओले झाले की कोरडा जोड घाला, ओल्या कातड्यातून झटका बसतो. एकट्याने काम करत असाल तर घरात सांगून ठेवा आणि दाराला आतून कडी नको. बोलणं असंबद्ध होऊ लागलं, तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात समजा, घाम येत असला तरी. सावलीत आणून अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ला फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

मृगाच्या आधी नेट उतरवून घडी करा. कूलरचा टब कोरडा करा, ताट्या वाळवा, पंपाचं पाणी झटका आणि त्याच्या शाफ्टला तेलाचा थेंब द्या. खालच्या झडपेला पावसाची झडी लागणार नाही असा पत्र्याचा छज्जा बसवा आणि छपराचे स्क्रू एकदा पान्याने आवळून घ्या.