ट्रकचा बीसीएम बदलायचाय? आधी काच बघा

मागच्या पावसाळ्यात एक ट्रक शिरोलीला माझ्या शेडसमोर येऊन थांबला. कोकणात सिमेंट टाकून गगनबावड्यामार्गे रिकामा परत येत होता. ड्रायव्हर खाली उतरला आणि म्हणाला, "मिस्त्री, डावा इंडिकेटर दिला की वायपर फिरतोय. हेच्या अंगात आलंय काय?" गाडी 2018 ची, बीएस-4. वाटेत कुणीतरी त्याला सांगितलं होतं, बीसीएम (बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे दिवे-वायपर सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) गेलाय, बदलून टाका. त्याच्या बाबतीत ते खरं निघालं. पण माझ्याकडे 'बीसीएम गेलाय' म्हणून येणाऱ्या बऱ्याच गाड्यांत बीसीएमला काही झालेलं नसतं.

जुन्या गाड्यांत स्विचमधून करंट रिलेला जायचा, रिलेतून दिव्याला. आता स्विच फक्त बीसीएमला सांगतो, आणि दिवे, वायपर, हॉर्न यांना काय द्यायचं ते बीसीएम ठरवतो. म्हणून आपली बल्बवाली टेस्ट लॅम्प इथं खिशातच ठेवायची. ती सिग्नलच्या पिनला लावली तर तिचा बल्बच इतका करंट ओढतो की चांगला बीसीएम जाऊ शकतो. मीटर वापरा.

पहिल्यांदा बॅटरी. दोन्ही मिळून इंजिन बंद असताना 25 व्होल्टच्या आसपास, चालू असताना साधारण 28. मग बीसीएमचे सगळे फ्यूज, नुसते डोळ्यांनी बघून नाही, दोन्ही टोकांना मीटर लावून. त्यानंतर अर्थ, म्हणजे करंट बॅटरीकडे परत जायची वाट. हेडलाइट, वायपर, इंडिकेटर सगळं चालू ठेवा. मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक कपलरच्या (वायरी डब्याला जोडणाऱ्या प्लगच्या) मागून बीसीएमच्या अर्थ पिनला, दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त आलं तर आधी अर्थचा बोल्ट काढा, खालचा रंग-गंज घासा, घट्ट करा. अर्थ सैल असला की करंट परतीची वाट दुसऱ्या दिव्यातून शोधतो, मग ब्रेक दाबल्यावर पार्किंग मिणमिणतं. निम्म्या गाड्या इथंच बऱ्या होतात आणि मालकाचे हजारो रुपये वाचतात.

या गाडीची अर्थ चोख होती, 0.08. क्लिनरच्या बाजूचं पायाजवळचं पॅनेल काढलं आणि कारण दिसलं. कपलरवर हिरवी-पांढरी बुरशी, आणि वर काचेच्या कोपऱ्यापासून खाली आलेला पाण्याचा ओघळ, मातीचा डाग धरून. विचारल्यावर कळलं, महिन्यापूर्वी पुढची काच बदलली होती. रबरात सीलंट भरलंच नव्हतं. घाटातला सगळा पाऊस थेंब थेंब त्या डब्यात उतरत होता. डबा उघडला तर आतल्या सर्किट प्लेटवरच्या दोन रेघा खाऊन गेलेल्या. अशा प्लेटवर सोल्डर मारून गाडी रस्त्यावर सोडायला मी तयार नाही. रात्री दीड वाजता हेडलाइट गेली तर मिस्त्री कुठं असणार?

आता नवा डबा बसवण्याआधीचं काम. हे मी एकदा खिशातून पैसे घालून शिकलो. एका गाडीत नवा बीसीएम टाकला, चौथ्या दिवशी मागच्या पार्किंगची लाइन मेली. मालकानं हौद्याच्या कडेनं एलईडीची माळ लावली होती, तिचा जोड पार्किंगच्या वायरला, आणि ती वायर चॅसीच्या आडव्या पट्टीवर घासून उघडी पडलेली. जुना डबा तिनंच मारला होता आणि मी नवाही तिच्याच तोंडी दिला. तेव्हापासून बीसीएम काढल्यावर गाडीकडच्या कपलरवर प्रत्येक आउटपुट वायर आणि अर्थ यांच्यात ओहम मोजतो. बल्ब काढून मोजा, कारण थंड बल्ब स्वतःच दोन-तीन ओहम दाखवतो आणि शॉर्ट आहे असं वाटतं. जादा दिवे, जादा हॉर्न असतील तर त्यांना वेगळा रिले, वेगळा फ्यूज, करंट थेट बॅटरीवरून.

कॅनच्या, म्हणजे गाडीतले इलेक्ट्रॉनिक डबे एकमेकांशी बोलतात त्या, दोन पिळलेल्या वायरीही बघून घ्या. बॅटरी तोडलेली असताना दोघींत 60 ओहम यायला हवेत. 120 आले तर एका टोकाची वाट तुटलीय, शून्याजवळ आले तर दोघी एकमेकींना चिकटल्यात.

डबा मागवताना स्टिकरवरचा पूर्ण पार्ट नंबर द्या, शेवटच्या अक्षरासकट. बाहेरून सारखे दिसणारे डबे आतून वेगळे असतात. भंगारातला स्वस्त पडतो, पण तो दुसऱ्या गाडीच्या चॅसी नंबरवर असतो. किल्लीची ओळखही त्यातच असेल तर गाडी सुरू होणार नाही. डब्यात आपल्या गाडीची माहिती भरणारा प्रोग्रॅमिंगवाला आधी हो म्हणाला तरच घ्या. जुना डबा स्कॅनरशी बोलत असेल तर काढण्याआधी त्याची सेटिंग सेव्ह करून घ्या, ती पुढे फार उपयोगी पडते.

बदलणं म्हणाल तर वीस मिनिटांचं काम. किल्ली काढा, दहा मिनिटं थांबा, बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढा आणि शेवटी लावा. कपलरची लॉकपट्टी उचला, वायर धरून ओढू नका. हिरव्या पडलेल्या पिना पॉलिश पेपरनं घासू नका, वरचा मुलामा जातो आणि पुढच्या पावसात परत तेच. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, जास्त खाल्लेलं टर्मिनल कापून नवं क्रिंप करा. वायरींना कपलरच्या खाली एक वळसा ठेवा, म्हणजे पाणी आलंच तर त्या वळशावरून टपकेल, पिनेत शिरणार नाही.

प्रोग्रॅमिंग चालू असताना बॅटरीला 24 व्होल्टचा चार्जर लावलेला असू दे आणि केबिनमधून सगळ्यांना खाली उतरवा. एकदा अर्ध्यावर असताना क्लिनरनं गाणी लावायला किल्ली फिरवली होती. डबा वाचला, पण माझा घाम निघाला.

मग एकेक दिवा, नंतर सगळं एकदम चालू करून बघा. सगळं बंद करून अर्ध्या तासानं क्लॅम्प मीटर लावा. करंट मिलीअँपिअरमध्ये यायला हवा. अँपिअरमध्ये दिसला तर काहीतरी झोपलेलं नाही, सकाळी बॅटरी बसणार.

त्या ट्रकची काच आम्ही परत बसवून घेतली. आतून कोपऱ्यात वर्तमानपत्राचा कागद चिकटवला आणि बाहेरून पंधरा मिनिटं पाइपनं पाणी मारलं. कागद कोरडा राहिला. ड्रायव्हरला दोनच गोष्टी सांगितल्या. हौद्याचं वेल्डिंग असलं की आधी बॅटरीचे दोन्ही टर्मिनल आणि बीसीएमचे कपलर सोडवायचे. आणि सर्व्हिसिंगला गेल्यावर केबिनच्या आत प्रेशरचं पाणी मारू द्यायचं नाही, डॅशबोर्ड ओल्या फडक्यानंच पुसायचा. तो म्हणाला, "फडकं हाय की गाडीत." आणि जुना डबा मागून घेऊन गेला, मालकाला दाखवायला.