काइट नीट उडत नाहीये? आधी लाईन्सची लांबी बघा

काइटसर्फिंग करताना हातातला बार (काइट वळवायचा आडवा दांडा) ओढला की काइट वर राहायचं सोडून मागच्या मागे खाली बसतोय, नाहीतर बार सरळ धरूनही एकाच बाजूला पळतोय, असं व्हायला लागलं की आपण आधी वाऱ्याला शिव्या घालतो, मग काइटला, आणि रात्री नवीन काइटच्या किमती बघत बसतो. थांबा जरा. बऱ्याचदा काइट धडधाकट असतो, लाईन्स, म्हणजे काइटच्या दोऱ्या, लांबीला वरखाली झालेल्या असतात, आणि ते किनाऱ्यावरच एक पैसा न घालवता नीट होतं.

नेहमीचा चार लाईनवाला बार धरून सांगतो. मधल्या दोन फ्रंट, बारच्या टोकांना दोन बॅक. काइटची बहुतेक ओढ फ्रंटवर येते, बॅकला वळवणं आणि पॉवर कमीजास्त करणं एवढंच काम. डायनिमा (लाईन्स ज्या धाग्याच्या असतात तो) ताणत नाही असं सगळे म्हणतात पण सतत लोड घेऊन ती हळूहळू लांबतेच, आणि लोड फ्रंटवर जास्त म्हणून फ्रंट जास्त लांबतात, बॅक मात्र तेवढ्याच राहतात, उलट खारं पाणी नि बारीक वाळू विणीत शिरून थोड्या आखडतात. म्हणजे तुम्ही बार सोडला तरी काइटला वाटतं अजून ओढलेलाच आहे. गोव्यात मोरजी-अश्वेच्या बाजूला दुपारी समुद्रावरून वारा येतो तो बऱ्याचदा हलकाच असतो, आणि हलक्या वाऱ्यात हा दोष लगेच उघडा पडतो, काइट स्टॉल होऊन, म्हणजे उडायचा थांबून, मागे पडतो.

आता चेक कसं करायचं. लाईन्स पूर्ण उलगडा, पीळ काढा, आणि काइटकडची चारही टोकं एकाच जागी अडकवा. माड चालेल, पक्का खांब चालेल, गाडीचा टो हुक तर बेस्ट. (मोरजीला कासवांच्या घरट्यांभोवती कुंपण असतं त्याच्या खांबांना हात लावू नका प्लीज.) मग ट्रिम (फ्रंट लाईन्स ओढून तोकड्या करायचा पट्टा) पूर्ण सोडा, म्हणजे फुल पॉवरला. हे लोक हमखास विसरतात, ट्रिम ओढलेला ठेवून माप घेतात आणि चांगल्या लाईन्स बिघडवून ठेवतात. चिकन लूप (बारखालची कडी) हार्नेसला, म्हणजे कमरेच्या पट्ट्याला, अडकवा, मागे सरकत लाईन्स ताठ करा, अंगाचं वजन टाका आणि बार पूर्ण खाली आपल्याकडे ओढा.

चारही सारख्या ताठ आणि बार आडवा सरळ असेल तर विषय संपला, दोष दुसरीकडे शोधा. बार पूर्ण खाली यायच्या आधीच बॅक ताठ होऊन फ्रंट ढिल्या पडल्या तर बॅक तोकड्या आहेत. बार पूर्ण ओढूनही बॅक लोंबकळतायत तर त्या लांब आहेत, असा काइट वळायला आळशी होतो आणि पाण्यावरून परत उठवताना जीव काढतो. बार तिरका दिसला तर बारचं जे टोक तुमच्या जास्त जवळ त्या बाजूची बॅक लांब. दोन फ्रंटमध्येच फरक आहे का ते वेगळं बघा, कारण त्याला बार सरळ-तिरका काही सांगत नाही. सेंटीमीटरभर फरक सोडून द्या, दोन-तीन सेंटीमीटर झाले की उडवताना जाणवतं.

एकच लाईन तोकडी असेल तर आधी गोड्या पाण्यात धुवा, मग ती एकटी खांबाला लावून वजन टाकून ओढा, आखडलेली लाईन बरीचशी परत येते. पण लाईन हाताला गुंडाळून ओढू नका, बोट कापलं जाईल, बार किंवा जाड लीडरच (बारकडचा जाड दोर) धरा.

बाकी सगळं गाठींवर. काइटच्या मागच्या टोकांना पिगटेल, म्हणजे लाईन अडकवायचा छोटा दोर असतो, त्यावर दोन-तीन गाठी असतात. काइटपासून लांबच्या गाठीवर लाईन लावली की बॅक लांब, मागे बसणं कमी. जवळच्या गाठीवर लावली की बॅक तोकडी, पॉवर जास्त, वळणं चटपटीत. नेहमी डावी-उजवी दोन्ही सारख्याच गाठीवर, आणि एका वेळी एकच गाठ सरकवायची. पिगटेलवर भागलं नाही तर बारच्या टोकाला फ्लोटखाली (बार तरंगत ठेवणारा फोम) लीडर असतो त्याच्या गाठी बघा. बारीक फ्लाइंग लाईनला मात्र कधीही गाठ मारू नका, तिथे तिची ताकद जवळपास निम्मी होते, आणि तुटायची तर ती नेमकी खोल पाण्यातच तुटेल.

पाण्यात जायच्या आधी हलक्या वाऱ्यात, मोकळ्या जागेत, मदतीला कोणीतरी घेऊन, एक हात क्विक रिलीजजवळ (काइट झटक्यात सोडायची कळ) ठेवून टेस्ट करा. काइट डोक्यावर धरा, बार हळूहळू पूर्ण ओढा आणि थोडा वेळ तसाच ठेवा. मागे घसरायला लागला तर बॅक अजून एक गाठ लांब. मग बार पूर्ण सोडा, बॅकला आता थोडा झोल दिसला पाहिजे. बार सोडूनही त्या ताठच असतील तर डिपॉवर, म्हणजे ओढ कमी, होतच नाहीये, झोताचा वारा आला की तुम्हाला उचलून नेईल, तसं पाण्यात अजिबात जाऊ नका. ट्रिम ओढून हा दोष झाकता येतो, एखाद्या सेशनपुरतं ठीक आहे, पण मग जोराचा वारा आला की ओढायला ट्रिम उरत नाही.

चारही लाईन्स मुद्दाम लहान-मोठ्या करणं हा वेगळा प्रकार. साधारण 20 ते 24 मीटर चालतात, लहान केल्या की काइट झटपट फिरतो पण पॉवर कमी, लांब केल्या की हलक्या वाऱ्यात जास्त ओढ पण वळणं सुस्त. माझ्या मते नवशिक्याने या भानगडीत पडूच नये, आधी आहे ते सारखं करा.

नवीन बार असेल तर सुरुवातीच्या काही सेशननंतर लगेच चेक करा, नव्या लाईन्स तेव्हाच जास्त लांबतात. आणि बदलायची वेळ आली तर चारही एकदम बदला, एकच नवीन टाकली तर ती बाकीच्यांशी जुळवत बसावं लागतं.