पहिलं क्वार्टेट बसवताना

क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन (फर्स्ट आणि सेकंड), एक व्हायोला आणि एक चेलो. हे चौघं पहिल्यांदा जमले की रचनेतली झपाट्याची, टाळ्या घेणारी मूव्हमेंट (भाग) निवडायचा मोह होतो. तो आवरा. संगीतकार हायडनच्या ओपस ७६ या संचातल्या तिसऱ्या क्वार्टेटची दुसरी, संथ मूव्हमेंट घ्या. १७९७ साली सम्राट फ्रान्सिससाठी त्यानं केलेली चाल इथं आहे. आज जर्मनीचं राष्ट्रगीत त्याच चालीवर गातात. पुढच्या चार व्हेरिएशन्समध्ये (चालीच्या नव्या रूपांमध्ये) ती चाल तशीच राहते, भोवतीचं सगळं बदलतं. आधी सेकंड व्हायोलिन, मग चेलो, मग व्हायोला आणि शेवटी पुन्हा फर्स्ट व्हायोलिन, अशी ती हातोहात फिरते. प्रत्येकाला गायचंही आहे आणि साथही करायची आहे. नवख्यांसाठी याहून चांगली शाळा मला माहीत नाही.

फर्स्ट कोण वाजवणार यावरून सुरुवातीलाच कुजबुज होते. माझ्या मते दोघांनीही दोन्ही पार्ट बसवावेत, आणि आधी सेकंडचा. ऑर्केस्ट्रात तुमचीच ओळ वाजवणारे आणखी दहाजण असतात, कुणाच्या तरी आडोशाला लपता येतं. इथं ओळ तुमची एकट्याची. पहिल्या व्हेरिएशनमध्ये तर फक्त दोन व्हायोलिनं आहेत: चाल सेकंडकडे, फर्स्टकडे तिच्याभोवतीची बारीक धावपळ. त्या धावपळीला कमी बो (गज) वापरा, हात हलका ठेवा. व्हायोलावाल्याला खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसवून विचारा, चाल गुणगुणता येतेय का? नसेल तर फर्स्टनं आवाज आणखी खाली आणायचा. सेकंडला ‘जोरात वाजव’ सांगणं हा उपाय नाही.

आपापला पार्ट घरी तयार करून यायचा, हे सांगायला नको. पण स्कोरही, म्हणजे चौघांच्या ओळी एकत्र असलेली प्रतही, वाचा. जुन्या आवृत्त्या आयएमएसएलपी या वेबसाइटवर फुकट मिळतात. बार नंबर आणि बोइंग (बो कुठे वर, कुठे खाली) पेन्सिलीनं लिहा, कारण बोइंग बदलणारच.

आता सुरांचं. इथं वेळ घालवा, रिहर्सलचा अर्धा वेळ गेला तरी चालेल. चेलोच्या सी स्ट्रिंगपासून षड्ज-पंचम भावानं अगदी शुद्ध चढत गेलात तर सी, जी, डी, ए करत व्हायोलिनच्या ई स्ट्रिंगवर पोचता. ती ई सीशी लावून बघा: गंधार चढा लागतो, जवळजवळ २२ सेंटनी (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). तानपुऱ्यावर कान तयार झालेल्यांना हे लगेच खटकतं. चूक कुणाचीच नाही, गणितच तसं आहे. म्हणून पंचमाचं अंतर किंचित कमी ठेवून तारा लावतात, आणि मोकळी (बोट न ठेवता) ई वाजवण्याआधी दोनदा विचार करतात. शेवटची कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) खालून वर बांधा: आधी खालचा जी, मग त्याचा पंचम, सगळ्यात शेवटी गंधार. व्हायब्रॅटो (बोट हलवून सुराला दिलेला कंप) बंद. घुमायला लागली की मग व्हायब्रॅटो घाला.

सुरुवातीचा क्यू (इशारा) डोकं झटकून देऊ नका. ज्या लयीत वाजवायचंय त्याच लयीत नाकानं श्वास घ्या. बाकीचे तिघं त्याच श्वासाबरोबर बो उचलतील. एकदा सगळे पाठमोरे बसून सुरुवात करून बघा, नुसत्या श्वासाच्या आवाजावर. चारचौघांत जरा विचित्र वाटतं, पण उपयोग होतो. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) लय तपासण्यापुरता ठीक. त्याच्यासोबत अख्खी मूव्हमेंट वाजवली की प्रत्येक वाक्याचा शेवट कापल्यासारखा येतो.

रोजचा रियाज यातून सुटत नाही. स्केल्स, क्रॉइत्झरचे एट्यूड्स (सरावाच्या रचना), थोडा बाख चालू ठेवा. क्वार्टेट हे त्याला पर्याय म्हणून धरलं तर महिन्याभरात डावा हात बोलून दाखवतो.

कार्यक्रमाच्या दिवशी स्टँड खाली घ्या, एकमेकांचे डोळे आणि बो दिसले पाहिजेत. हॉलमध्ये लवकर पोचा. मुंबई-गोव्याकडे पावसाळ्यात पेग (तारांच्या खुंट्या) फुगून अडकतात, बोचे केस सैल पडतात, आणि एसी सुरू झाला की सूर पुन्हा हलतो. जादा ई स्ट्रिंग खिशात असू द्या. वाजवताना तुटलीच तर तिघांनी थांबायचं, चौथ्यानं विंगेत जाऊन बदलून यायची, आणि ज्या व्हेरिएशनमध्ये तुटली तिच्या सुरुवातीपासून पुन्हा. कुठून उचलायचं हे मात्र आधीच ठरवून, पार्टवर लिहून ठेवा.