आंबोलीमार्गे सावंतवाडी: धबधबा आधी, चितारआळी नंतर

पावसाळ्यात शनिवार-रविवारी आंबोलीच्या धबधब्यापाशी गाड्या अडकतात आणि सावंतवाडीसाठी वेळच उरत नाही.

१. कोल्हापूरहून पहाटे ५ ला निघा. गर्दीआधी धबधबा पाहून लगेच घाट उतरा, दुसऱ्या गिअरमध्ये. सतत ब्रेक दाबला तर तो तापतो आणि ऐन वळणावर नीट लागत नाही.

२. गाडी मोती तलावाजवळ लावून चितारआळीत, म्हणजे लाकडी खेळण्यांच्या बाजारात, पायी फिरा. लाकडी फळं हातात घेऊन देठापाशी रंग पाहा, पोपडा तिथूनच सुटतो. राजवाड्यात दशावतारी गंजिफा (विष्णूच्या दहा अवतारांची चित्रं असलेला हाताने रंगवलेल्या पत्त्यांचा संच) मिळते. १२० पानं मोजून घ्या.

३. दुपारी ३ ला परत फिरा. अंधारात धुकं उतरलं की घाटात पुढची गाडीही दिसत नाही.

खेळणी डॅशबोर्डवर ठेवू नका, उन्हाने रंग उडतो.