वाळूत एटीव्हीचा क्लच घसरत असेल तर (माझा अनुभव)

गाडी चेनवर चालणारी, मॅन्युअल क्लचची स्पोर्ट एटीव्ही (चार जाड टायरची, कच्च्या जागी पळवायची गाडी). भडगावजवळ गिरणेच्या कोरड्या पात्रात तिसरा गिअर टाकला की इंजिन किंचाळायचं, गाडी जागेवरच. डांबरी रस्त्यावर मात्र काहीच त्रास नाही.

केबल ताणली, टायरची हवा कमी केली, नवीन फ्रिक्शन प्लेटा (क्लचमधल्या घर्षणाच्या चकत्या) टाकल्या. थोडे दिवस बरं, मग पुन्हा तेच. डोकं भणाणून गेलं.

मूळ दुखणं गिअरिंगचं. पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) १४ दातांचं, मागचं ३८. वाळूत ओढ कमी पडते, आपण क्लच अर्धवट दाबून धरतो आणि फ्रिक्शन प्लेटांच्या मधल्या स्टील प्लेटा तापून वाकतात.

आधी ऑइल काढून क्लच कव्हर उघडलं. स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे सैल केले. स्टील प्लेटा काचेवर ठेवल्या: दोन निळ्या पडलेल्या, कडेखालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सहज सरकत होता. सगळा सेट बदलला. फ्रिक्शन प्लेटा रात्रभर ऑइलमध्ये भिजवल्या. कडक स्प्रिंग बसवून बोल्ट त्याच क्रमाने, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आवळले. ऑइल जासो एमए२ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसाठीचा दर्जा) च घ्या, कारचं नको. क्लच लिव्हरला फ्री प्ले (थोडी मोकळी हालचाल) ठेवायलाच हवा. नसेल तर नव्या प्लेटाही जळतात.

शेवटी पुढचं स्प्रॉकेट १३ चं. मागच्या-पुढच्या दातांचं गुणोत्तर २.७१ वरून २.९२ झालं. चेन सैल पडते, म्हणून मागचा अ‍ॅक्सल सरकवून ताण पुन्हा लावला. टॉप स्पीड साधारण ७ टक्के घटतो, पण तिसऱ्यात गाडी चढ सोडत नाही.